अंगठ्याचा कौल

भूल देताना मी पेशंटच्या अंगठ्याकडे बघत असते, असं सांगितलं की ओळखीचे लोक हसतात. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे तर बघतेच. पण पोटाच्या ऑपरेशनसाठी स्नायू ढिले करणारं औषध दिलं, की त्याचा अंमल पुरता उतरला का, हे अंगठ्याला विचारावं लागतं.

हा कौल देणारा अंगठ्याचा स्नायू म्हणजे अ‍ॅडक्टर पोलिसिस. तळहातात तो पंख्यासारखा पसरलेला असतो आणि अंगठ्याला तर्जनीकडे ओढतो. किल्ली फिरवताना चिमटीत येतो तो जोर त्याचाच. अंगठ्याच्या उंचवट्यातले बहुतेक स्नायू मीडियन नर्व्हवर चालतात, हा मात्र करंगळीकडच्या अल्नर नर्व्हवर. ही नर्व्ह मनगटाशी कातडीच्या जवळ असते, त्यामुळे तिथे इलेक्ट्रोड चिकटवून तिला विजेचे बारीक झटके देता येतात. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार झटके, अंगठ्याच्या चार उड्या. औषध शिल्लक असेल तर चौथी उडी पहिलीपेक्षा लहान. ही ‘ट्रेन ऑफ फोर’ पद्धत 1970 पासूनची.

एकदा दुर्बिणीने पित्ताशय काढून झालं होतं. श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून पेशंट स्वतःहून श्वास घेऊ लागला होता. सर्जन म्हणाले, “मॅडम, श्वास छान चाललाय. काढा की ट्यूब, पुढची केस खोळंबलीय.” डोळ्यांना चारही उड्या सारख्याच दिसत होत्या. अंगठ्यावरचा सेन्सर मात्र चौथी उडी पहिलीच्या 60 टक्केच दाखवत होता.

“सर, जरा थांबू या.”

श्वासपटल चिवट असतं, औषधाच्या अंमलातून ते अंगठ्याच्या आधी सुटतं. घशाचे स्नायू मागे रेंगाळतात. अशा वेळी ट्यूब काढली तर पेशंट श्वास घेतो, पण त्याला नीट गिळता येत नाही. लाळ फुप्फुसात उतरण्याची भीती असते. अंमल उतरवणारं निओस्टिग्मिन दिलेलंच होतं, त्याला काम करायला वेळ दिला. आकडा 90च्या वर गेल्यावर ट्यूब काढली. पेशंट खणखणीत खोकला आणि बायकोला बोलवा म्हणाला.

भूलशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगते. चौथी उडी पहिलीच्या 40 टक्क्यांपुढे गेली, की उरलेला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला जाणवत नाही. पेशंटने पाच सेकंद मान उचलून धरली, एवढ्यावरही विसंबू नका. यंत्र लावा, आकडा बघा, मगच ट्यूबला हात घाला.