रुपयाला एक डाव

बार या स्थळाशी माझा संबंध वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचण्यापुरताच. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सख्ख्या मुलाच्या सोबतीने, एका रात्रीत दोन बार पालथे घालण्याचा योग माझ्या पत्रिकेत आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती. पण २०१४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता श्रीकांतकडे जर्सी सिटीला मुक्कामाला होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "बाबा, चला, एक गंमत दाखवतो." हिला 'जरा पाय मोकळे करून येतो' असं सांगून निघालो आणि पाय मोकळे करता करता दोन नद्या ओलांडून ब्रुकलिनला पोचलो.

तिथे विल्यम्सबर्ग भागात 'बारकेड' नावाचा बार २००४ सालापासून आहे. आत शिरलो तर एका बाजूला बियरचे नळ आणि भिंतीला लागून १९८० च्या सुमाराची व्हिडिओ गेमची उभी यंत्रं. आणि त्यांच्यापुढे शाळकरी पोरं नव्हेत, चांगले दाढ्या राखलेले बाप्ये! एका हाताने ग्लास सांभाळत दुसऱ्या हाताने शत्रूची विमानं पाडत होते. यंत्रात घालायचं ते पंचवीस सेंटचं नाणं. पुढचा डाव आपला, हे सांगायला ते नाणं काचेच्या कडेवर ठेवून द्यायचं. पद्धत मला लगेच समजली. आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो तीच ही. फरक इतकाच, की इथे त्या रुमालावर कुणी बसत नाही.

श्रीकांतने मला पहिल्यांदा पॅकमॅनपुढे उभं केलं. एक पिवळं तोंड चक्रव्यूहातून ठिपके खात पळतं आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. मला वाटलं होतं, चौघं सारखीच. पण नाही, तांबडं सरळ पाठीमागे धावतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं, निळ्याचा भरवसा नाही आणि नारिंगी फार जवळ आलं की आपणच मागे फिरतं. तोरू इवातानी या जपानी गृहस्थांनी १९८० साली हा खेळ केला. आमच्या कचेरीतले चार हेडक्लार्क त्यांनी कुठे पाहिले, कळत नाही. माझा डाव दीड मिनिटात आटोपला.

दुसरा बार पाच-सात मिनिटांवर. तिथे पिनबॉल होते. श्रीकांतने सांगितलं, की १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली होती. हा जुगार आहे, शाळेतल्या मुलांचे खाऊचे पैसे यात जातात, म्हणून. पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि खुद्द महापौरांनी घण हातात घेऊन ती फोडताना फोटो काढून घेतले. बंदी उठली १९७६ साली. रॉजर शार्प नावाच्या माणसाने नगरपालिकेच्या सभासदांपुढे, चेंडू कुठून जाणार हे आधी सांगून तो तिथूनच घालून दाखवला, तेव्हा.

ऐकून मला त्या महापौरांविषयी एकदम घरोबा वाटला. आणि लगेच घशाशी काहीतरी आलं. बियर नव्हे, मी लिंबू-सोडा घेतला होता.

१९८४ साली दादरला आमच्या घरामागच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर निघालं होतं. रुपयाला एक डाव. श्रीकांत तेव्हा बारा वर्षांचा. वाण्याची उधारी भागवायला दिलेले पंधरा रुपये वाण्याकडे पोचलेच नाहीत, म्हणून शोधत गेलो. दिवटे चिरंजीव त्या यंत्रापुढे! सगळ्या मित्रांदेखत मुस्काटात मारली आणि कान धरून घरी आणलं. घण तेवढा नव्हता हाताशी.

"आठवतंय?" मी विचारलं.

"गालागा होता," तो म्हणाला. मार नव्हे, यंत्राचं नाव आठवत होता! "पहिल्या पाचांत आलो होतो, बाबा. नाव घालायचं राहिलं."

तीस वर्षं पोराने हे पोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, "मग तो गालागा आहे का इथे कुठे?"

पहिल्या बारमध्ये होता. आम्ही परत गेलो. खिशातली सगळी चिल्लर मी काढून काचेच्या कडेवर रांगेने मांडली. माझ्याकडे बघून मागच्या दाढीवाल्याने दुसरं यंत्र गाठलं. श्रीकांत खेळायला लागला. मध्येच वरून एक निळा झोत आला आणि त्याचं विमान ओढून घेऊन गेला. हा शांत उभा!

"अरे, पळव की!"

"मुद्दाम दिलं, बाबा. सोडवून आणलं की दोन्ही जोडीने लढतात."

आणि खरंच, दुसऱ्या विमानाने त्याने पहिलं सोडवलं. ते गरगरत खाली येऊन शेजारी चिकटलं. माझी नऊ नाणी संपली तेव्हा तो पहिल्या पाचांत होता. यंत्राने नाव मागितलं: इंग्रजी तीन अक्षरं. जपान्यांनी ही सोय मराठी माणसासाठीच केली असावी. स्वतःचं, बापाचं, आडनावाचं. अमेरिकेत आल्यापासून श्रीकांतच्या पाटीवर, पत्रावर, कार्डावर दोनच नावं असतात. मधलं इथे कुणी विचारत नाही म्हणे. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो.

त्याने एस घातलं. मग दांडी हलवत एकेक अक्षर ओलांडत व्हीपर्यंत आला आणि बटण दाबलं. मग के.

"हे राहतं ना असंच?" मी विचारलं.

"छे! रात्री वीज बंद केली की सगळं पुसतं. जुनं यंत्र आहे."

"बंद किती वाजता करतात?"

त्याने काउंटरवर जाऊन विचारलं. अजून दीड तास होता. मी म्हटलं, बसू थोडा वेळ. अजून एक लिंबू-सोडा सांग, आणि तुझी बियर.

घरी पोचलो तेव्हा ही दारातच उभी होती. म्हणाली, "मोकळे झाले का पाय?"