खिशातला जुना कॅमेरा : ठेवावा की बदलावा

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा दोन प्रकारे जुना होतो. कधी त्याचे भाग झिजतात, तर कधी भाग धडधाकट असूनही वापरणाऱ्याची गरज त्याच्या कुवतीपलीकडे जाते. झीज बऱ्याचदा दुरुस्त होते, कुवत मात्र वाढत नाही. त्यामुळे तक्रार यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, ते आधी पाहावे.

पहिली थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिची क्षमता घटते. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात ठेवणे धोक्याचे असते, पण केवळ बॅटरीपायी कॅमेरा टाकून देण्याचे कारण नाही. बाहेर सरकणाऱ्या लेन्सचे दुखणे मोठे. नळ्यांच्या फटीत वाळूचा एक कण शिरला तरी दातेरी चाके अडकतात. मग सगळा कॅमेरा उघडावा लागतो आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत.

दमट हवा हा आणखी एक शत्रू. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी उष्ण, दमट हवेत सीसीडी सेन्सर निकामी होत असल्याचे मान्य करून ते मोफत बदलून दिले होते. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर कपाटात बंद राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी धरते. समोरून प्रकाश आला की चित्र फिकट, धुरकट दिसते, हे तिचे पहिले लक्षण. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर पुसूनही तो परत येत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवलेला कॅमेरा या संकटातून बहुधा वाचतो.

कुवतीचा विचार करताना मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला साधारण नऊ मेगापिक्सेल पुरतात. कॅननने २००८ च्या जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले होते. पुढच्याच वर्षी जी११ मध्ये, तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर, ते मुद्दाम १० वर आणले. कारण तेवढ्याच जागेत जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि मंद उजेडातले फोटो रवाळ होतात. ही माघार धाडसाची होती आणि योग्यही.

पाहायचे ते सेन्सरचे क्षेत्रफळ. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. सोनीने २०१२ मध्ये आणलेल्या आरएक्स१०० मधला ‘एक इंची’ सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. छिद्र आणि शटरचा वेग तोच ठेवला तर त्यावर चौपट प्रकाश जमा होतो. संध्याकाळचे किंवा समईच्या उजेडातले फोटो हवे असतील, तर एवढा फरक डोळ्यांना जाणवतो. लहान सेन्सरचा जुना कॅमेरा देऊन लहान सेन्सरचाच नवा घेतला, तर तितका फरक पडत नाही.

मोबाइलने हा हिशेब बदलला. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी अशा कॅमेऱ्यांचे सुमारे ११ कोटी नग बाजारात पाठवले. २०२३ मध्ये तो आकडा २० लाखांच्याही खाली होता. मोबाइल एका क्षणात अनेक फोटो टिपून त्यांतून एक घडवतो, त्यामुळे घरगुती प्रसंगांत तो लहान सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा मागे टाकतो. दूरचा पक्षी टिपणारा लांब पल्ल्याचा ऑप्टिकल झूम आणि क्षण गोठवणारा झेनॉन फ्लॅश मात्र कॅमेऱ्याकडेच आहे. ही कामे नियमित असतील आणि लेन्स स्वच्छ असेल, तर जुना कॅमेरा ठेवावा. लेन्सच अडकत असेल, तर दुरुस्तीच्या खर्चाची तुलना त्याच मॉडेलच्या वापरलेल्या नगाच्या किमतीशी करावी.

वापरलेला कॅमेरा घेताना झूम अनेकदा पूर्ण आत-बाहेर करून आवाज ऐकावा. मग छिद्र शक्य तितके लहान ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा. सेन्सरवर धूळ असेल, तर काळपट ठिपके तिथेच उमटतात.