उंबरठा उतरला

कुंभवलीच्या आमच्या जुन्या घराचा उंबरठा चार इंच उंच होता. पन्नास वर्षांत तो कुणाला नडला नाही. गेल्या वर्षी मधुमेहाने आईचा डावा पाय गुडघ्यावरून गेला, घरात चाकाची खुर्ची आली आणि मग तो नडू लागला.

तरी आपले काही अडत नाही, अशीच माझी समजूत! सकाळी बोईसरच्या कारखान्यात जाण्यापूर्वी मी आईला उचलून ओट्यावर बसवी, ऊन चढायच्या आत पुन्हा घरात आणी. "मुलगा असावा तर असा," असे शेजारी म्हणत. आणि मीही, खोटे कशाला सांगू, मनातल्या मनात फुलून जाई.

एका रात्री सौ.ने हा फुगा फोडला.

"आई संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, ठाऊक आहे तुम्हांला? रात्री न्हाणीघरात न्यायला कुणाला उठवावे लागू नये म्हणून!"

मी गप्पच झालो.

सौ.ने नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचले होते. ऐन तारुण्यात स्वतः चाकाच्या खुर्चीवर आलेल्या या बाईंनी १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. "अहो, पायांपेक्षा पायऱ्याच माणसाला जास्त अडवतात," असे म्हणत सौ.ने टेप हातात घेतली.

खुर्ची पंचवीस इंच रुंद, न्हाणीघराचे दार चोवीस! ते छत्तीस इंचांचे केले आणि बाहेर उघडेल असे बसवले. आत कुणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कमोडची बैठक खुर्चीच्या उंचीला आणली, शेजारी भिंतीत पक्की दांडी ठोकली. जोते दीड फूट उंच. इंचाला फूट या हिशेबाने अठरा फुटांचा उतार हवा. अंगण तेवढे लांब नाही, म्हणून मध्ये सपाट जागा ठेवून तो वळवला. तिथे मात्र आईच्या मागे नातू लागतो.

सार्वजनिक इमारतींसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. घरातल्या उंबरठ्याकडे बघायचे ते घरच्यांनीच.

पण तिथेच माझा हात अडखळला. दर लक्ष्मीपूजनाला आई त्याला हळदकुंकू वाही. तो काढायचा कसा?

आईच म्हणाली, "अरे, इतकी वर्षे मी त्याच्यापुढे वाकले. आता तो माझ्यासाठी जरा वाकला, तर बिघडले कुठे?"

सुताराने तेच लाकूड तासून फरशीच्या पातळीत बसवले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे चाकांच्या आवाजाने मला जाग आली. मी धडपडत उठू लागलो, तोच सौ.ने हात धरला. न्हाणीघराचे दार लागले, पाणी वाजले, दार उघडले. मग माठावर तांब्याचा आवाज झाला. आई घटाघटा पाणी प्यायली असावी.

आणि लगेच वर्षभरात न ऐकलेली हाक आली, "उठा रे! उजाडायला आले, अभ्यंगस्नान कधी करणार?"