डावा पाय मोकळा

बोपदेव घाट चढताना भर पावसात माझा उजवा पाय पेडलवरून सटकला आणि पेडल गर्रकन फिरून नडगीवर बसलं. दीड बोटाची जखम. घरी येऊन तिच्यावर हळद दाबून बसले तेव्हाच ठरवलं, पायाला जागच्या जागी धरून ठेवणारं काहीतरी आता हवंच.

सायकलच्या ग्रुपमधल्या पोरांचा एकच धोशा, ‘ताई, क्लीटवाले बूट घ्या.’ बुटाच्या तळाला खाच असलेला तुकडा लावायचा, तो पेडलात खटकन बसतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. लुक या फ्रेंच कंपनीनं स्कीच्या बाइंडिंगची करामत सायकलला लावून १९८४ साली हे पेडल आणलं. पुढच्याच वर्षी बर्नार इनोनं त्यावर टूर द फ्रान्स जिंकली आणि टो-क्लिपचे, म्हणजे पेडलच्या पुढच्या पिंजऱ्याचे आणि पाय आवळणाऱ्या पट्ट्याचे, दिवस फिरले. गंमत म्हणजे पाय इतका घट्ट अडकवणाऱ्या या पेडलला नाव ‘क्लिपलेस’. कारण पुढचा पिंजरा तेवढा गेला. पण माझी सायकल एकच. रविवारी घाट, सोमवारी बँक, मंगळवारी मंडई. मेथीच्या जुड्या निवडताना फरशीवर टकटक करत फिरणं मला जमलं नसतं. जपानात केरिनचे शर्यतवाले आजही चामड्याच्या पट्ट्यांवर धावतात, मग मला काय धाड भरली होती?

टो-क्लिप घ्यायला पेठेतल्या दुकानात गेले तर पहिली अडचण पेडलचीच निघाली. माझं पेडल प्लास्टिकचं, त्याला पुढून क्लिपचे स्क्रू बसायला भोकंच नव्हती. म्हणजे पेडलची जोडीही नवीन. दुकानातल्या काकांनी ती माझ्याकडूनच बसवून घेतली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला एवढी वर्षं सायकल चालवूनही माहीत नव्हतं. पाना नेहमीच्या सवयीनं फिरवत बसले, ते हसत बघत राहिले.

क्लिप त्यांनी दिली मध्यम मापाची. माझा बूट सहा नंबरचा. पाय आत इतका खोल जायचा की पेडलचा दांडा चवड्याखाली न येता तळव्याच्या पोकळ भागाखाली यायचा. सासवडपर्यंत जाऊन आले आणि तळव्याला रग लागली. मी दोष पट्ट्याला देत होते, चूक मापाची होती. लहान माप आणल्यावर चवडा बरोबर दांड्यावर आला, बुटाचं टोक क्लिपला जेमतेम न टेकेल असं. क्लिप घेताना रंग, पट्टा, किंमत नंतर बघा. आधी नेहमीचा बूट घालून दुकानात जा.

पट्टा ओवायचीही एक रीत आहे. पेडलच्या एका फटीतून घालायचा, मधे एक पीळ द्यायचा आणि दुसऱ्या फटीतून काढायचा. पीळ दिला नाही तर पट्टा हळूहळू सरकतो आणि बकल भलत्याच जागी येतं. बकल बाहेरच्या अंगाला. मी चामड्याचे पट्टे हौसेनं घेतले होते. दोन पावसाळी रविवारांत ते भिजून ताणले गेले आणि त्यांना कुबट वास यायला लागला. आता नायलॉनचे आहेत. दिसायला भिकार, पण भिजले तरी सैल होत नाहीत.

पडणं व्हायचंच होतं. सिग्नल लाल झाला, सायकल थांबली, डावा पाय निघेना. पाय मागे ओढायचा असतो. मी घाबरून बाजूला ओढत राहिले. झाड पडावं तशी सावकाश, सगळ्यांच्या देखत आडवी झाले. शेजारच्या रिक्षावाल्यानं सायकल उचलून दिली आणि म्हणाला, ‘ताई, पाय बांधून कशाला चालवता? बैल आहे का?’

कोपरापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं. घरी विचार केला तर दिसलं, मी थांबताना दर वेळी डावाच पाय टेकवते. फुटपाथ डावीकडे असतो. उजवा पाय पेडलवरून हलतच नाही. मग डाव्याला पट्टा हवाच कशाला? डावीकडे अर्धी क्लिप लावली, नुसता पुढचा आकडा, पट्टा नाही. पाय पुढे घसरत नाही आणि मागे घेतला की मोकळा. उजवीकडे पूर्ण क्लिप, पट्टा एक बोट जाईल इतका सैल. पट्ट्यामुळे पेडल वर ओढता येतं आणि चढ सोपा होतो म्हणतात. मला तरी तसा काही फरक जाणवला नाही. पाय घसरत नाही एवढ्यावर मी खूश आहे. कोल्हापुरी घातली असेल तर पेडल उलटं करून चालवते. तेव्हा क्लिप खाली लोंबते आणि स्पीडब्रेकरवर खर्र करते.

अर्ध्या क्लिपा आणायला गेले तेव्हा काकांना एकच मागितली होती. ‘जोडी फुटत नाही,’ म्हणाले. त्यामुळे एक पूर्ण आणि एक अर्धी क्लिप ड्रॉवरमध्ये पडून आहे. थांबताना उजवा पाय टेकवणारं कुणी भेटलं, तर देऊन टाकीन.