औशाच्या वाटेवरची तीन शेते

लातूर ते औसा साधारण २० किलोमीटर. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस एसटीने निघालो, तो दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. पण हिरव्यावर पांढुरकी झाक होती. पाण्याच्या ताणाने पाने उलटी होऊन पाठ दाखवीत होती. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो हाच.

औशाचा किल्ला मागे टाकून वहिनींच्या गावी उतरलो. त्यांची जमीन तीन तुकड्यांत. पाऊस उशिरा आल्याने पेरण्या मागेपुढे झालेल्या. विहिरीत पाणी मात्र एकाच तुकड्यापुरते!

पहिला तुकडा दुबार पेरणीचा. महिन्याचे पीक दुपारी माना टाकून उभे. माझा जीव तिथेच अडकला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्याला राहू द्या. या वयात उपास घडला तर मुळी ओल शोधत खाली जाते. झाड बुटकं राहील, पण पुढं पाऊस झाला तर सावरेल." कोळपणी करून त्यांनी भेगा तेवढ्या बुजवल्या होत्या.

दुसरा फुलात. बुडाशी जांभळ्या फुलांचा सडा पडलेला. पुतण्याने एक झाड उपटून मुळावरच्या गाठी फोडल्या. आत गुलाबी असायला हवे, तिथे करडे. हवेतला नत्र देणाऱ्या गाठीच थंडावल्या होत्या. त्याचा हट्ट, पाणी इथेच द्यायचे. त्याचेही चूक नव्हते. फुले गळाली की शेंगा कमी लागतात. पण सोयाबीन एका दिवसात फुलून संपत नाही. वेळेवर सर आली तर मागाहून येणारी फुले थोडीफार तूट भरून काढतात.

तिसरा जूनअखेरचा, भारी काळ्या रानातला. दिसायला तिन्हींत टवटवीत. याला पाणी कशाला, असेच कोणीही म्हणेल. वहिनींनी एक चपटी शेंग तोडून उजेडाला धरली. आत मसुराएवढे दाणे.

"फूल पुन्हा येईल, भाऊजी. शेंग पुन्हा भरत नाही. आता ताण बसला की दाणा बारीक राहतो, सुरकुततो. मागनं कितीबी पडू दे, काट्यावर वजन येत नाही."

खता-बियाण्याची उधारी याच तुकड्यावर फिटायची होती. पुतण्या गप्प झाला.

वीज रात्रीच्या पाळीची. अकराच्या सुमारास आम्ही तिघांनी तुषार संचाचे पाइप खांद्यावर घेतले. फुलातल्या तुकड्याच्या बांधावरूनच वाट होती. तिथे पुतण्या जरासा थांबला, मग पुढे झाला.