अब्बांची गोदी

संगणकाच्या पडद्याच्या कडेला चित्रांची एक पट्टी असते. एखाद्या चित्रावर टिचकी मारली की तो प्रोग्रॅम उघडतो. इंग्रजीत तिला डॉक म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव गोदी आहे आणि ते अब्बांनी ठेवलेलं आहे. कोकणातल्या मुसलमानांच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला बोटीवर नाहीतर बंदरात कामाला गेली, त्या घरांत ‘डॉक’ या शब्दाला दुसरा अर्थ लागणं कठीणच. माझे आजोबा व्हिक्टोरिया डॉकमध्ये हमाल होते. “डॉक म्हणजे गोदी. माल लागतो तिथे, माल सुटतो तिथे. तुझ्या यंत्रात वेगळं काय होतं?” असं अब्बांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. मुसलमान माणूस मराठी शिकवतो याचं नवल करणारे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ येऊन गेले. अब्बा त्यांच्यापुढे चहा ठेवत आणि विषय बदलत. त्यांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. शाळांचे फलक, सत्काराची मानपत्रं, लग्नाच्या निमंत्रणाचे मसुदे, सगळं त्यांच्याकडून लिहून नेत. 2017 च्या पावसाळ्यात हे अक्षर आखडू लागलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक असायचं, शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढं व्हायचं. मग उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. या आजारात अक्षर बारीक होत जातं हे तेव्हा कळलं.

त्यांच्या आठवणींच्या वहीची त्या वेळी चाळीस पानं झाली होती. मी म्हटलं, “अब्बा, तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो.”

“आयुष्यभर मुलांना सांगितलं, दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका. आता मीच दुसऱ्याच्या हातानं लिहू?”

या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो हे अम्मी पन्नास वर्षांपूर्वीच शिकली होती. मीही शिकलो आणि मुंबईहून एक जुना लॅपटॉप घेऊन चिपळूणला गेलो.

डॉकशी माझी ओळख मात्र जुनी, आणि ती सगळी हौसेची. स्टीव्ह जॉब्सनं ॲपलमधून बाहेर पडून नेक्स्ट नावाची कंपनी काढली. तिच्या 1989 च्या नेक्स्टस्टेप प्रणालीत पडद्याच्या उजव्या कडेला चौकोनी चित्रांची उभी रांग होती. पुढे ॲपलनं नेक्स्ट विकत घेतली, जॉब्स परतला आणि जानेवारी 2000 मध्ये त्यानं नव्या मॅकचा काचेसारखा चकचकीत डॉक जगाला दाखवला. बाण जवळ गेला की चित्रं फुगत. बघणारे खुळावले. आम्हा विंडोजवाल्यांना मॅक कुठला परवडायला? मग ऑब्जेक्टडॉक, रॉकेटडॉक असले फुकटात मिळणारे प्रोग्रॅम आले. 2007-08 च्या सुमारास मी एका डीटीपीच्या दुकानात अक्षरजुळणी करत होतो. तिथल्या एक्सपीच्या यंत्रावर मी रॉकेटडॉक बसवला होता. दुकानाच्या मालकांना तो ‘पोरखेळ’ वाटायचा. पण गिऱ्हाइकं मान वळवून बघायची हे खरं. चित्रं उड्या मारत, फुगत, खाली त्यांचं प्रतिबिंब पडे. कामाला त्याचा कितपत उपयोग व्हायचा ते विचारू नका.

अब्बांच्या टेबलाशी बसलो तेव्हा या हौसेतलं बरंचसं सोडून द्यावं लागलं.

पहिली अडचण दोनदा टिचकी मारण्याची. पडद्यावरचं चित्र उघडायचं तर लागोपाठ दोन टिचक्या हव्यात, आणि दोहोंच्या मध्ये बाण हलता कामा नये. आपल्याला ही गोष्ट जाणवतसुद्धा नाही. थरथरत्या हाताला ती जमत नाही. पहिली टिचकी बसते, दुसरीपर्यंत हात सरकतो आणि चित्रच ओढलं जातं. डॉकवर एकच टिचकी पुरते. डॉकची निवड झाली ती या एका कारणानं.

लॅपटॉपमध्ये दोन जीबी स्मृती होती. त्यावर मी झुबंटू 18.04 घातलं आणि प्लँक नावाचा डॉक बसवला. प्लँक अगदी साधा आहे. त्याच्या पट्टीवर कंट्रोल कळ दाबून माउसची उजवी कळ दाबली की पसंतीची खिडकी उघडते. आकार, जागा, लपणं, फुगणं, सगळं तिथे. बसवल्याबरोबर अब्बांनी विचारलं, “ही रेघ कसली?” डॉकच्या थोडी वर पडद्यावर एक करडी रेघ आली होती. ती सावली असते. एक्सएफसीई डॉकलाही खिडकी समजतं आणि तिची सावली पाडतं. विंडो मॅनेजरच्या बारीकसारीक मांडणीत ‘डॉकखाली सावली दाखवा’ अशी एक खूण असते, ती काढली की रेघ जाते. मास्तरांची नजर हात थरथरला म्हणून कमी झाली नव्हती!

मग फुगणं बंद केलं. बाण जवळ जाताच चित्र फुगतं, तेव्हा शेजारची चित्रं बाजूला सरकतात. म्हणजे नेम धरावा आणि निशाणच हलावं, अशी गत. ॲपलमध्ये पूर्वी काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनींनी मॅकच्या डॉकवर जी टीका केली, तिच्यात चित्रं जागेवर राहत नाहीत ही तक्रार होती. ती वाचली तेव्हा, रॉकेटडॉकच्या दिवसांत, मला हा म्हातारा किरकिरा वाटला होता. अब्बांच्या बाणाकडे बघताना मी त्याच्या बाजूचा झालो.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये एक नियम मांडला. निशाण जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला वेळ जास्त लागतो. तेव्हा माउस जन्मालाही आलेला नव्हता. पण संगणकाचे पडदे मांडणाऱ्यांना या नियमातून एक फायद्याची गोष्ट सापडली. बाण पडद्याच्या कडेपलीकडे जाऊ शकत नाही. कितीही जोरात ढकला, तो कडेला अडतो. म्हणून कडेला चिकटलेलं चित्र हाताच्या दृष्टीनं फार मोठं असतं. होडी धक्क्याला लागते तसा बाण कडेला लागतो. ही उपमा अब्बांची, माझी नव्हे.

पट्टी खाली ठेवायची की बाजूला? लॅपटॉपचा पडदा रुंद असतो, उंची थोडी. लिहिणाऱ्याला उंची हवी, दोन ओळी जास्त दिसतात. म्हणून मी ती डाव्या कडेला उभी केली.

“मराठीला डावी बाजू ठीक,” अब्बा म्हणाले, “उर्दू लिहायला बसलो की उजवीकडे नेणार आहेस काय?”

चित्रांचा आकार 48 वरून 96 केला. लपणं बंद केलं, कारण दिसेनाशी झालेली गोष्ट शोधायची कुठे, हा प्रश्न त्यांना रोज पडला असता. न टाचलेले प्रोग्रॅम दाखवणं बंद केलं. एरवी दुसरा प्रोग्रॅम उघडला की त्याचं चित्र रांगेत येतं, आणि रांग मध्याशी जुळलेली असल्यामुळे सगळी वरखाली सरकतात. शेवटी कुलूप. प्लँकमधलं चित्र ओढून बाहेर टाकलं की ते धुराच्या फुसकुलीसारखं नाहीसं होतं. थरथरत्या हाताच्या माणसाची अर्धी गोदी आठवड्यात रिकामी झाली असती. चित्रं जागेवर जखडण्याची सोय पसंतीच्या खिडकीतच मिळते, ती चालू केली.

आता गोदीत काय लावायचं? मी ब्राउझर, हिशेबाचा तक्ता, चित्रांचा प्रोग्रॅम असं अकरा जणांचं बिऱ्हाड मांडलं होतं. अब्बांनी पाच ठेवले. प्रोग्रॅमची नावं तर त्यांनी साफ नाकारली. “रायटर म्हणजे मी. हा लिब्रे कोण?”

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी डेस्कटॉप फाइल असते. साध्या मजकुराची, कुणीही उघडून वाचावी अशी. तिच्यात नाव, चित्र आणि काय चालवायचं याची आज्ञा असते. नावाच्या ओळीत चौकटी कंसात भाषेचं चिन्ह घातलं की त्या भाषेतलं वेगळं नाव देता येतं. मराठीचं चिन्ह एमआर. मी या फाइलींच्या प्रती अब्बांच्या घरच्या फोल्डरमध्ये केल्या आणि त्यांनी सांगितली तशी नावं घातली. पहिलं ‘आठवणी’. ते नुसता रायटर उघडत नाही, थेट त्यांची फाइलच उघडतं. चित्र त्यांच्या जुन्या शाईच्या पेनाचं, मी फोटो काढून मागची पार्श्वभूमी कापून केलेलं. दुसरं ‘पत्रं’, चित्र आजोबांच्या पत्र्याच्या पेटीचं. तिसरं ‘मोल्सवर्थ’, कोशाच्या 1857 च्या आवृत्तीची छायाप्रत. चौथं ‘गाणी’, ज्यात नाट्यगीतं आणि कव्वाल्या एकाच यादीत आहेत. पाचवं ‘बंद’.

‘बंद’ शेजारी नको, चुकून हात लागेल, असं ते म्हणाले. प्लँकमध्ये मधे जागा सोडायची सोय मला मिळाली नाही. म्हणून एक पारदर्शक चित्र केलं आणि त्याला काहीच न करणारी आज्ञा दिली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये ती कोरी जागा आली. अब्बा तिला ‘रिकामा बर्थ’ म्हणत.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. व्याकरण शिकवलेल्या माणसाला ही मांडणी पटायला अर्धा तास पुरला, बोटांना तीन महिने लागले. थरथरीनं एकच कळ दोनदा दाबली जायची. त्यावर कळफलकाच्या साहाय्यक सोयींत इलाज आहे, लगोलग आलेली दुसरी दाब यंत्र मोजत नाही. श्री-लिपीच्या काळात आम्ही टंकलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसता रोमन कचरा दिसायचा. युनिकोडमुळे अब्बांचं लिखाण कुठेही वाचता येतं. आजोबांच्या पत्रांतल्या उर्दू ओळी ते तशाच मराठीच्या मध्ये टंकतात, नोटो नस्तालिकमध्ये. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, एकाच परिच्छेदात.

नात्यातल्या एकांनी एकदा विचारलं, “मास्तर, आठवणी मराठीत का? उर्दूत का नाही?” अब्बा म्हणाले, “माझे वडील मला गोदीतून उर्दूत पत्रं लिहायचे. मी शाळेतून मराठीत उत्तर द्यायचो. दोघांनाही उत्तर समजायचं. तुमची अडचण काय आहे?”

या पत्रांतलं एक पत्र मला त्यांच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसं गेली. युद्धाचे दिवस, सेन्सॉरनं बातम्या दाबल्या होत्या. आजोबा त्या दिवशी पाळीवर होते. आठ दिवसांनी त्यांनी आजीला चार ओळी पाठवल्या. त्यांत स्फोटाचा उल्लेखही नाही. मी खुशाल आहे, पैसे उशिरा येतील, शेजारच्या घरी अमक्याची विचारपूस करायला जा, इतकंच. तो अमका परत आला नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक. अब्बा तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांना हे प्रकरण लिहायचं होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत. अब्बा-अम्मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते, सलामत. लॅपटॉप गेला. पत्र्याची पेटीही पाण्यात राहिली. पत्रांच्या घड्या चिकटल्या होत्या, उलगडल्या त्यांवरची शाई पसरून निळे डाग उरले होते. पत्रांच्या छायाप्रती आणि ‘आठवणी’ मात्र माझ्याकडे मुंबईत होत्या. दर महिन्याला मी त्या नेत असे, आणि त्यांच्याबरोबर प्लँकचा छोटा फोल्डर आणि त्याची डीकॉन्फमधली नोंदही. फोल्डरमध्ये कोणती चित्रं आहेत ते असतं. त्यांचा क्रम दुसरीकडे, डीकॉन्फमध्ये. नुसता फोल्डर नेला की गोदी उलटसुलट लागते.

ऑगस्टमध्ये दुसरा जुना लॅपटॉप नेला. वापरकर्त्याचं नाव पहिल्यासारखंच ठेवलं, नाहीतर फाइलींचे पत्ते चुकतात. मूळचा प्लँक वेलँड या नव्या चित्रपद्धतीवर चालत नाही, म्हणून जुन्या एक्स-इलेव्हनवर चालणारी झुबंटूच पुन्हा घातली. नोंदी भरल्या. डाव्या कडेला पेन, पेटी, कोश, गाणी, मग कोरी जागा, मग बंद. अब्बा खुर्चीत बसले. पडद्याकडे न बघता त्यांनी माउस डावीकडे ढकलला, थोडा वर नेला आणि टिचकी मारली. ‘आठवणी’ उघडली. त्यांनी चष्मा लावला तो त्यानंतर.

आता दिवसाला चार-पाच ओळी होतात. औषधाची वेळ झाल्यावर अर्धा तास हात बरा असतो, तेवढ्यात लिहून घेतात. 1944 चा एप्रिल सुरू झाला आहे. परवा फोनवर म्हणाले, त्या रिकाम्या बर्थवर काहीतरी लावायचं आहे. काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, “आधी तुझ्या मुलीला विचारतो. तुला विचारलं तर पुन्हा अकरा लावशील.”