हिरवा माणूस कुठे पळतोय?



सुरक्षिततेची चिन्हं आपण सगळेच शिकवतो. मीही बरीच वर्षं शिकवते आहे. तक्ता लावायचा, चित्रावर पट्टी ठेवायची आणि विचारायचं, "हे कशाचं चिन्ह?" वर्ग एका सुरात उत्तर देतो. झाला पाठ! पण उमरोळीच्या माझ्या चौथीच्या मुलांनी एक दिवस मला दाखवून दिलं, की हा पाठ झालेलाच नव्हता.

आग लागली तर काय करायचं, याचा सराव होता. आमच्या वर्गाला दोन दारं. मागच्या दारावर मुलांनीच रंगवलेलं चिन्ह होतं, हिरव्या चौकोनात पळणारा माणूस. मी म्हटलं, "पुढच्या दारापाशी धूर आहे असं समजा," आणि शिट्टी वाजवली. अख्खा वर्ग पुढच्या दाराकडे धावला! मी चिडून विचारलं, "चिन्ह दिसलं नाही का?" एक मुलगा म्हणाला, "दिसलं ना बाई, पण चपला इकडं आहेत!"

हसू आलं, पण ते उत्तर डोक्यातून जाईना. चिन्ह ओळखणं वेगळं आणि चिन्ह सांगतं तसं वागणं वेगळं. मी फक्त पहिलंच शिकवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात एका लग्नासाठी मुंबईहून नागपूरला विमानानं जायचा योग आला. माझा पहिलाच विमानप्रवास. सोबत माझी मुलगी. हवाईसुंदरी हात दाखवून सूचना देत होती आणि बहुतेक जण मोबाइलमध्ये होते. चपलांची आठवण झाली नसती, तर मीही त्यांच्यातच असते. मी समोरच्या खिशातलं सुरक्षा-कार्ड काढलं. त्यावर जवळजवळ सगळी चित्रंच. लेकीनं विचारलं, "आई, आपल्याला जवळचं दार कुठलं?" मी पुढे बोट दाखवलं, कारण आम्ही तिथूनच आत आलो होतो. तिनं मागे वळून रांगा मोजल्या. मागचं दार जवळ होतं. म्हणजे बाईसुद्धा चपलांकडेच धावणार होत्या!

कार्ड घरी आणायचा मोह झाला, पण पुढच्या प्रवाशाला ते लागणार. म्हणून चित्रं वहीत उतरवून घेतली आणि जूनमध्ये त्यांवरच पाठ घेतला. एक पालक म्हणाले, "बाई, आमची पोरं विमानात कधी बसणार?" प्रश्न रास्त होता. पण विमानातल्या प्रत्येक चिन्हामागे 'का' आहे, आणि तो 'का' जमिनीवरही उपयोगी पडतो. वर्गात काय काय झालं ते सांगते.

पळणारा माणूस. हे चित्र जपानमधलं. 1970 च्या दशकात तिथे मोठ्या दुकानांना आगी लागून बरीच माणसं गेली. त्यानंतर भाषा न येणाऱ्यालाही कळेल असं चित्र हवं, यातून ते तयार झालं. पुढे ते जगभर गेलं. बऱ्याच विमानांत अजून लाल अक्षरांत 'एक्झिट' लिहिलेलं असतं, काही नव्या विमानांत हा हिरवा माणूस दिसतो. धूर वर चढतो आणि वरचं चिन्ह झाकून टाकतो, म्हणून विमानात जमिनीलगतही खुणा असतात. कुठे दिवे, कुठे अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या. मुलं लगेच म्हणाली, "सायकलच्या रेडियमसारख्या!"

बॅगेवर फुली. बाहेर पडताना सामान घ्यायचं नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठं विमान जळून खाक झालं, पण त्यातली सगळी 379 माणसं बाहेर पडली. आठपैकी तीनच दारं वापरता आली होती. लोकांनी सामान जागेवर सोडलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. मी हे सांगितलं आणि वर्ग गप्प झाला. मग तोच मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे चपला सोडायच्या."

जॅकेट. कार्डावर दाखवलेलं असतं, की जॅकेट आत घालायचं, पण फुगवायचं बाहेर पडताना. सातपाटीला मामाकडे जाणाऱ्या मुलीनं विचारलं, "होडीत तर आधीपासूनच फुगीर जॅकेट घालतात. मग इथे का नाही?" असा प्रश्न आला की बाईचा दिवस सार्थकी लागतो! मी उलट विचारलं, "होडीला छत असतं का?" फळ्यावर विमान काढलं, आत पाणी भरलं. फुगलेलं जॅकेट माणसाला छताशी नेऊन दाबतं आणि पाण्याखाली गेलेल्या दारापर्यंत बुडी मारता येत नाही. 23 नोव्हेंबर 1996 रोजी अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. 175 पैकी 125 जण गेले. आतच जॅकेट फुगवल्यामुळे काही जण अडकून पडले होते.

मास्क. आधी स्वतःला, मग मुलाला. आई म्हणून हे चित्र मला खटकलं होतं. पण फार उंचावर हवेचा दाब गेला, तर माणसाला शुद्धीत राहून काही करायला अर्धा-एक मिनिटच मिळतं. आईच बेशुद्ध पडली, तर लेकराला मास्क कोण लावणार? हे फक्त परदेशात घडतं असंही नाही. 20 सप्टेंबर 2018 ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनमधल्या हवेच्या दाबाचं बटण सुरू करायचं राहिलं. मास्क खाली आले, अनेकांच्या नाकातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं.

सिगारेटवर फुली. विमानात धूम्रपान बंद आहे, तरी शौचालयाच्या दारापाशी राखदाणी असते. का? नियम मोडणारा कुणी निघालाच, तर त्यानं थोटूक कागदाच्या कचऱ्यात टाकू नये म्हणून. 1973 मध्ये पॅरिसजवळ एका ब्राझिलियन विमानाच्या शौचालयातून आग सुरू झाली आणि 123 माणसं गेली.

यानंतर आम्ही बाकांचं विमान केलं. प्रत्येकानं दारापर्यंतचे बाक मोजले आणि डोळे मिटून, बाकांना हात लावत बाहेर आले. मग वारली पद्धतीनं, दोन त्रिकोणांच्या माणसांनी, आमच्या वर्गाचं सुरक्षा-कार्ड काढलं.

दुसऱ्या दिवशी मुलं स्वतःच चिन्हं शोधून आली. लोकलमधली साखळी, संकटकाळची खिडकी. एकीनं बोईसरच्या रस्त्यावरचा टँकर वहीत काढून आणला होता. पतंगासारख्या चौकटीत ज्वाळा. "माझे पप्पा तारापूरला कंपनीत जातात. तिथं असे टँकर येतात. त्यांना याचा अर्थ विचारला, तर म्हणाले, पेट घेणारं असतं, लांब राहायचं." त्या घरात त्या रात्री यावर बोलणं झालं, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं.

तुमच्या वर्गात किंवा घरी करायचं असेल, तर प्रत्येक चिन्हाला तीन प्रश्न विचारा. हे काय सांगतं? असं का सांगतं? आणि मी आत्ता, इथून, काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, करून दाखवायला सांगा.

पुढच्या सरावात मी पुन्हा शिट्टी वाजवली. वर्ग मागच्या दारानं बाहेर पडला, अनवाणी. दोघं मात्र अजूनही पुढच्या दाराकडे वळले होते. त्यांना मित्रांनीच हाताला धरून ओढत आणलं. म्हणून हा सराव आता आम्ही दर महिन्याला करतो.